वखार, फटाके आणि दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर

जुलै २०२४. शाळेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली होती, तरी गल्लीतली पाच-सहा पोरं संध्याकाळी पाढे म्हणायला आमच्या ओसरीवर यायची. त्यातल्या एका तिसरीतल्या मुलीनं वहीचं पान उलटलं की कोपऱ्यावर चंदेरी बोट उमटायचं. आधी वाटलं, पेन्सिलीचं शिसं असेल. एक दिवस तिचा हात धरून उजेडात बघितला, तर तळहाताची रेघ न् रेघ चमकत होती. साबण लावला, काथ्यानं घासला. वरवरचं गेलं, रेघांतलं गेलं नाही.

"कुठं गेलतीस गं?"

"आईसंगं वखारीत. पाकिटं करायला. पावडर मी नाय लावली बाई, आपोआप लागती."

ती ॲल्युमिनियमची भुकटी होती. भुईनळ्याला जो पांढरा लखलखाट येतो, तो तिचाच. सैल भरलेल्या नळ्यांतून ती सांडत होती आणि आठ वर्षांच्या मुलीच्या हाताला लागत होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

आमचं गाव निपाणी भागातलं. नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात कुणा एका ठाण्याला किंवा कचेरीला बोल लावायचा नाही. हा भाग तंबाखूचा आणि विडीचा. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर बसले, गोळीबार झाला, तेव्हा माझे वडीलही त्या रस्त्यावर होते. पुढं तंबाखूचा धंदा आक्रसत गेला, विडीचं काम कमी झालं आणि दगडी भिंतींच्या, पत्र्याच्या छपराच्या वखारी रिकाम्या पडल्या. आमच्या गल्लीच्या टोकाची वखार त्यातलीच. तिच्या मागच्या भिंतीपासून मराठी शाळेचं कंपाऊंड मोजून तीस पावलं.

दुसऱ्या दिवशी मुलीला हाक मारायच्या निमित्तानं मी वखारीत शिरले. अकरा बायका ओळीनं बसलेल्या. ज्यांच्या मांडीवर आयुष्यभर विडीचं सूप होतं, त्यांच्या मांडीवर आता सुतळी बॉम्ब. पोत्यांतून सुटा माल काढायचा, पाकिटात भरायचा, वर लेबल चिकटवायचं. शंभर पाकिटांवर मजुरी. डोक्यावर उघड्या वायरीला लोंबणारा बल्ब. आतला उकाडा असा की श्वास जड व्हावा. दाराशी टेम्पो उभा, वरच्या थराला कांद्याची पोती. खालून खोकी निघत होती.

येताना मी एक रिकामं पाकीट आणि एक लेबल पदराखाली घेऊन आले. लेबलावर हरित, म्हणजे कमी प्रदूषण करणाऱ्या, फटाक्याचं हिरवं चिन्ह होतं, क्यूआर कोडही होता. नातवानं मोबाईल धरला. कोड उघडलाच नाही. कारखान्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही. हे हरित फटाके नागपूरच्या नीरी संस्थेनं पुढं आणले. बनावट माल ओळखता यावा म्हणूनच त्यांच्या पाकिटावर कोड छापतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली बेरियमचे फटाके बंद केले, लांब माळा बंद केल्या, फक्त हरित फटाक्यांना परवानगी दिली. २०२१ साली तेच पुन्हा बजावलं. आमच्या वखारीत ते चिन्ह रिळानं मिळत होतं.

मालाची वाट अशी होती. शिवकाशीकडून सुटा माल हुबळीच्या अंगानं यायचा आणि आमच्याकडं उतरायचा. पाकिटं झाली की छोट्या टेम्पोतून, सीमेवरचा कोगनोळीचा टोलनाका टाळून, शेतातल्या रस्त्यांनी पलीकडं महाराष्ट्रात. पलीकडच्या जत्रा, लग्नं, मग दिवाळी. वखार कर्नाटकात, गिऱ्हाईक महाराष्ट्रात, भाडेकरूही पलीकडचा. या मांडणीत किती शहाणपण होतं ते मला ठाण्यात गेल्यावर कळलं.

"बर्री टीचर, कुंदर्री," म्हणून साहेबांनी खुर्ची दिली. पाकीट बघितलं, लेबल बघितलं. मग म्हणाले, माल पलीकडचा, माणूस पलीकडचा, तिकडं तक्रार द्या. मी एसटीनं पलीकडच्या ठाण्यात गेले. तिथं सांगितलं, वखार कर्नाटकात आहे, आम्ही तिकडं पाऊल टाकू शकत नाही. दोन्हीकडं चहा मिळाला. पोच कुठंच मिळाली नाही.

मी हबकले ते यामुळं की २०२३ फार लांब नव्हतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये हावेरीजवळ फटाक्यांचं गोदाम पेटलं होतं. ७ ऑक्टोबरला बंगळूरजवळ अत्तिबेलेला लॉरीतून माल उतरवताना आग लागली आणि पहिल्याच दिवशी चौदा माणसं गेली. त्यातली बरीचशी दिवाळीच्या हंगामापुरती कामाला आलेली तामिळनाडूतली कोवळी पोरं होती. तिथं निदान परवाना नावाचं काहीतरी होतं. आमच्याकडं तेही नव्हतं, आणि भिंतीपलीकडं प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं होती.

माझा एक जुना विद्यार्थी चिकोडीला वकिली करतो. त्याच्याकडं चार पानी तक्रार घेऊन गेले. त्यानं ती वाचून बाजूला ठेवली. म्हणाला, "बाई, 'हे बेकायदा आहे' असं तुम्ही लिहिलं की ते तुमचं मत होतं. त्यापेक्षा 'या जागेला परवाना आहे का' असं विचारा. 'नाही' हे त्यांच्याच शिक्क्यानं येऊ दे." या सगळ्या प्रकरणात मी शिकलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच.

फटाके हे कायद्याच्या भाषेत स्फोटकच, वर्ग ७. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटके नियम. दुकानापुरता परवाना जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे आपल्या डीसींकडून मिळतो; पलीकडं त्यांना कलेक्टर म्हणतात. मोठ्या साठ्याचा 'पेसो'कडून, म्हणजे स्फोटकांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्राच्या खात्याकडून, ज्याचं मुख्यालय नागपूरला आहे. म्हणून माहिती अधिकाराचे अर्ज दोन: एक डीसी ऑफिसला, एक नागपूरला. प्रत्येकी दहा रुपये.

इथं भाषेचा अडसर आला. कायद्यानं हा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असतो. आमच्या भागाची राजभाषा कन्नड. चाळीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेल्या बाईला स्वतःच्या गावच्या वखारीबद्दल मराठीत विचारता येत नाही, हे मला लागलं आणि अजूनही लागतं. माझं कन्नड खात्याच्या परीक्षेपुरतं. कचेरीत टिकेल असं नाही. शेवटी शेजारची पीयूसीत, म्हणजे अकरावी-बारावीत, शिकणारी मुलगी बसली. मी मराठीत सांगायचं, तिनं कन्नडमध्ये लिहायचं. त्यात कर्नाटकच्या नियमाप्रमाणं अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. माझी चार पानं आटून एका प्रश्नावर आली: ग्रामपंचायतीच्या अमुक मालमत्ता क्रमांकाच्या जागेत फटाके साठवायला, भरायला किंवा विकायला परवाना दिला आहे का, दिला असल्यास प्रत द्यावी. मालमत्ता क्रमांक पंचायतीच्या कर पावतीवरून उतरवून घेतला होता. तो नसता तर 'जागा निश्चित होत नाही' म्हणून अर्ज परत आला असता, असं वकील म्हणाला.

महिनाभर मी गप्प राहिले. ते फार अवघड गेलं. रोज संध्याकाळी टेम्पोचा आवाज यायचा आणि मी पोरांना सतराचा पाढा म्हणायला लावायची. त्या मुलीला मात्र शाळा सुटल्यावर थेट माझ्याकडंच थांबवून घेतलं. तिच्या आईला सांगितलं, अभ्यासात कच्ची आहे. ते खोटं होतं, पोर हुशार आहे.

ऑगस्टच्या मध्याला दोन्ही उत्तरं आली. डीसी ऑफिसचं दोन ओळींचं: सदर जागेस परवाना दिलेला नाही. नागपूरचंही तेच. मी ते कागद देवघरात ठेवले आणि हळदीकुंकू वाहिलं.

तोवर नियमही वाचून काढले होते. फटाक्यांचं पक्कं दुकान विटा, दगड किंवा काँक्रीटचं हवं, तळमजल्यावर हवं, क्षेत्र ९ ते २५ चौरस मीटरच्या दरम्यान हवं, वर राहतं घर नको, जिन्याखाली नको, दारं बाहेर उघडणारी हवीत. सणापुरती तात्पुरती दुकानं असतील तर एकमेकांपासून तीन मीटर आणि शाळा-घरांसारख्या जागांपासून पन्नास मीटर लांब हवीत. आमच्या वखारीला एकच दार, आणि ते आत उघडणारं.

आता ठाण्यात दुसरी फेरी. या वेळी तक्रार लेखी, सोबत उत्तरांच्या प्रती. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुणाच्याही हद्दीत घडलेला असो. घेणाऱ्यानं ती लिहून, वाचून दाखवायची, प्रत फुकट द्यायची आणि योग्य ठाण्याकडं पाठवायची. आम्हा सीमेवरच्या लोकांना हे कलम पाठ असायला हवं. 'तिकडं जा' हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. स्फोटक कायदा केंद्राचा आहे, तो कोगनोळीच्या अलीकडं-पलीकडं सारखाच आहे. हे मी शांतपणे सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चौकशी करतो म्हणाले. तीच रात्र उलटायच्या आत वखारीतली अर्धी खोकी हलली. कुणी कुणाला काय सांगितलं हे मी बघितलेलं नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

पोलीस अधीक्षकांना पोस्टानं तक्रार गेली. त्याच कलमाची ती पुढची पायरी. त्यानंतर अर्जानं मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. पण वकिलानं आणखी एक वाट दाखवली आणि आम्हाला तीच उपयोगी पडली. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १३३. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचं. रस्त्यातला अडथळा, पडकी भिंत, धोक्याचं झाड यांसाठी ते वापरतात हे माहीत होतं. पण ज्या वस्तूमुळं आग किंवा स्फोट होण्याची शक्यता आहे ती हटवण्यासाठीही तेच कलम आहे. अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांपुढं करायचा. पोलिसांच्या अहवालावरच नव्हे तर 'इतर माहितीवरूनही' ते आदेश काढू शकतात. ही 'इतर माहिती' म्हणजे माझ्यासारखी म्हातारी. इथं गुन्हेगार कोण, माल कुणाचा, कुठल्या राज्यातला, हे आधी सिद्ध करावं लागत नाही. धोका या जागेत आहे, एवढं पुरतं. सीमेच्या आड लपलेल्या माणसाला सीमेचा उपयोगच उरत नाही.

अर्जाला जोडलं: दोन उत्तरं, लेबल, शाळेच्या कंपाऊंडचं अंतर दाखवणारा नकाशा आणि सतरा पालकांच्या सह्या. नकाशा मीच काढला, भूगोलाच्या तासाला काढायचे तसा, उत्तर दिशेचा बाण घालून. सह्या मागायला मी घरोघर गेले तेव्हा निम्म्या दारांत बायका म्हणाल्या, "मालकांना विचारून सांगते." सही करणाऱ्या बहुतेक आज्या निघाल्या.

७ सप्टेंबरला गणपती बसले. गौरी जेवून गेल्या त्याच आठवड्यात सशर्त आदेश निघाला: माल हटवा, नाहीतर अमुक दिवशी येऊन कारण दाखवा. वखारमालक हजर झाला. म्हणाला, भाड्यानं दिली आहे, आत काय आहे मला ठाऊक नाही. करार तोंडी. भाडेकरू आलाच नाही. दंडाधिकाऱ्यांनी तहसीलदार, पोलीस आणि अग्निशामक दलाला एकत्र पाहणीला पाठवलं.

त्या संध्याकाळचं मला सगळं आठवतं. पाऊस पडून गेला होता. दार उघडल्यावर आतून जो वास आला तो दिवाळीच्या पहाटेचा नव्हे, गंजल्यासारखा, घशाला खवखवणारा. बल्ब आधी बंद करायला लावला. एक पोलीस मोबाईलवर सगळं चित्रित करत होता. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे. पंच म्हणून मी आणि पंचायतीचा एक सदस्य. वजनाला काटा कुठून आणायचा? समोरच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यानं आपला दिला. तात्पुरत्या दुकानात फुलबाज्या सोडून बाकीचे फटाके ठेवता येतात ते शंभर किलो. पहिल्या भिंतीची खोकी चढवता चढवताच शंभर किलो पार झाले. मोजणी रात्री साडेदहापर्यंत चालली. शेवटी एका कोपऱ्यात पोत्यावर पोरीची पाटी सापडली, मागं खडूनं तिचं नाव. पंचनाम्यात ती नोंदवू नका, असं मी हात जोडून सांगितलं. तहसीलदारांनी पाटी माझ्या हातात दिली.

गुन्हा नोंद झाला. स्फोटक कायद्याचं कलम ९ब, भारतीय न्याय संहितेचं कलम २८८, म्हणजे स्फोटकांबाबतचा निष्काळजीपणा, आणि बनावट लेबलासाठी फसवणूक. आता मला जे खटकतं ते लिहिते. विनापरवाना स्फोटक बाळगणं, विकणं, वाहून नेणं यासाठी ९बमध्ये शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा दंड तीन हजारांपर्यंत. तीन हजार! एका टेम्पोच्या फेरीचं भाडं त्याहून जास्त असेल. कलम २८८ मध्ये सहा महिने किंवा पाच हजार. १९०८ चा स्फोटक पदार्थांचा कडक कायदा आहे, पण तो लावला तर खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची संमती लागते. इतक्या स्वस्त दंडाचं भय कुणाला वाटणार? वखार बंद झाली ती शिक्षेच्या भीतीनं नाही, १५२ च्या आदेशामुळं. जागा सील झाली आणि मालकाला भाडं बुडाल्यावर जाग आली. या आदेशाविरुद्ध दिवाणी कोर्टात जाता येत नाही, त्यामुळं तिथून स्थगिती आणायची वाट बंद होती.

दोन दिवसांनी त्या अकराजणी माझ्या ओसरीवर आल्या. पोरं पाढे म्हणत होती, ती आपोआप थांबली. त्यांच्यातली थोरली म्हणाली, "बाई, तुमची पेन्शन हाय. आमी दिवाळी कशावर करायची?" मी काय उत्तर देणार? विडीचं काम आठवड्यातून दोन-तीन दिवस, ते पण हजारीवर, पान कमी भरलं की कापून. वखारीत रोज काम होतं, रोख होतं. त्यांना जिवाची भीती नव्हती असं नाही, पण चुलीची भीती आधी. मी एवढंच म्हणाले की त्या दारातून अकरा तिरड्या निघालेल्या मला बघवल्या नसत्या. त्या काही बोलल्या नाहीत. चहाही घेतला नाही. गल्लीत माझ्याशी बोलणं बंद झालं ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत.

त्यांची नावं आरोपींत येऊ नयेत यासाठी वकिलानं धडपड केली. त्या मजूर आहेत, माल त्यांचा नाही, साक्षीदार म्हणून जबाब घ्या, हे लेखी दिलं. दहाजणींनी 'आम्ही कधीच गेलो नव्हतो' असं सांगितलं. मुलीच्या आईनं तेवढा जबाब दिला. टेम्पो कधी यायचा, लेबलाचं रीळ कोण आणायचं, पैसे कोण वाटायचं. जबाब कन्नडमध्ये लिहिला, पोलिसानं मराठीत वाचून दाखवला, तिनं अंगठा केला. त्या दिवशी परत येताना ती वडापमध्ये माझ्या शेजारी बसली आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

खटला चालू आहे. तीन तारखा झाल्या, भाडेकरूनं जामीन घेतलाय. सीमाभागातल्या माणसाला तारखांचं नवल नाही. महाराष्ट्रानं २००४ साली केलेला सीमेचा दावा आम्ही अजून वर्तमानपत्रात वाचतोच आहोत. वखारीवर पंचायतीनं आता अंगणवाडीसाठी ठराव केलाय, मालकानं अजून होकार दिलेला नाही.

यंदा श्रावणात धाकट्या बहिणीचा फोन आला. ती पलीकडं, कोल्हापूर जिल्ह्यात दिली आहे. आमच्या गावापासून मोटारसायकलवर पंचवीस मिनिटं. म्हणाली, आक्का, आमच्या पाणंदीला एका पोल्ट्रीच्या शेडात रात्री खोकी उतरायलीत, वर कांद्याची पोती असत्यात. मी तिला म्हटलं, आत जाऊ नको, फोटो काढू नको, आधी घरपट्टीच्या पावतीवरून मालमत्ता क्रमांक घे.

तिकडं अर्ज मराठीत चालतो. शब्दांची मर्यादा तिथंही दीडशेचीच. मी एका बैठकीत लिहिला, बहिणीनं दहा रुपयांचं तिकीट लावून सही केली. पुढच्या गुरुवारी तीस दिवस भरतात.